उभा कागद, आडवी सही

३ फेब्रुवारी

ताई,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. २७ जानेवारीला आमच्या डॉक्टरांनी मला केंद्राच्या प्रतीक्षाकक्षासाठी एक चित्र आणायला सांगितलं.

२. त्याच दुपारी मी मोठ्या रस्त्यावरच्या कलादालनात गेले. कुणाचं चित्र घ्यायचं हे ठरलेलं नव्हतं.

३. तिथे तळमजल्यावर फ्रेम केलेल्या छापील प्रती विकायला असतात. एका भिंतीवर एक आडवी प्रत होती. नाव 'मौन, क्रमांक ३'. चाळीस प्रतींपैकी नववी. उजव्या कोपऱ्यात तुझी सही.

४. चित्रात तपकिरी रंगाचे अठ्ठावीस चौकोन आहेत. चार रांगा, प्रत्येकीत सात. जवळजवळ सगळ्यांच्या कडेला ठिपके आहेत.

५. मी ती प्रत विकत घेतली.

६. घरी आणून मागची पट्टी काढली, चित्र काचेतून बाहेर घेतलं आणि भिंगाखाली पाहिलं.

७. तुझ्या सहीखाली एक लांबट ठसा आहे. त्यात बेचकीच्या आकाराचा वण आहे.

८. माझ्या डाव्या हाताची तर्जनी जिथे संपते तिथे तोच वण आहे. ठशात तो उलटा दिसतो, कारण ठसा उलटाच उठतो.

९. तू आईचा कागद विकते आहेस.

आता थोडं सविस्तर. डॉक्टर म्हणाले होते, "काहीतरी शांत आण. नदी-बिदी नको, माणसं तर नकोतच. आमच्याकडे येणारा आधीच घाबरलेला असतो. अर्थ नसलेलं आण." मी काय काम करते हे तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. सहा वर्षांत तू विचारलं नाहीस. मी या केंद्रात अवयव गमावलेल्या लोकांसाठी सिलिकॉनचे कान, नाक आणि बोटं बनवते आणि ज्याची त्वचा जशी, तसा त्यांना रंग देते.

दालनातल्या बाई फार उत्साही होत्या. "हे आमचं सगळ्यात जास्त जाणारं. जेवणाच्या खोलीत म्हणा, ऑफिसात म्हणा, कुठेही खपून जातं. ठिपके पाहिलेत? ते चित्रकर्तीचे श्वास आहेत. आणि रंगाचे ओघळ बघा, सगळे उजवीकडे. म्हणजे भविष्याकडे."

"ओघळ खाली जातात," मी म्हटलं.

"हो ना, पण इथे नाही गेले. तीच तर गंमत आहे!"

गंमत अशी की ते खालीच गेले होते. कागद उभा होता. तू तो आडवा केलास.

बाईंनी प्रत गुंडाळून दिली. सोबत प्रमाणपत्रही दिलं. त्यावर लिहिलं आहे, 'ही कलाकृती अस्सल असल्याची हमी देण्यात येते.' ते मी जपून ठेवलं आहे.

केंद्राला मी एका डोंगराचा फोटो नेऊन दिला. डॉक्टर नाराज झाले, कारण डोंगराला अर्थ असतो.

मला एकच विचारायचं आहे. मूळ कागद कुठे आहे?

– तुझी धाकटी बहीण


९ फेब्रुवारी

ताई,

तुझा फोनवरचा निरोप मिळाला. 'पत्र मिळालं. प्रदर्शनाची धावपळ आहे, नंतर निवांत बोलू. आईला नमस्कार.' मी कागदावर लिहिते कारण कागद राहतो. निदान आमच्या घरात तरी आमची तशी समजूत होती.

प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस, म्हणून मीच ते शोधलं. काल तुझं प्रदर्शन पाहून आले. उद्घाटनाच्या गर्दीत नाही, सकाळी अकराला, जेव्हा तिथे फक्त पहारेकरी असतो. मूळ कागद मधल्या दालनात आहे. शेजारी लाल टिकली लावली आहे. पहारेकऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते गेलं. हॉटेलवाल्यांनी घेतलंय. एक मार्चला उचलणार."

एक मार्चनंतर आईचा कागद कुठल्या तरी हॉटेलात, लिफ्टची वाट पाहणाऱ्या लोकांसमोर असेल.

तो कागद काय आहे हे तुला नीट कधी माहीत नव्हतं असं मी धरून चालते. तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस आणि त्या महिन्यांत घरात फारशी थांबत नव्हतीस. म्हणून सांगते.

मला पहिलं बोट मिळालं तेव्हा मी सहा वर्षांची होते. ते बाहुलीच्या रंगाचं होतं. शाळेत एका मुलीने ते ओढून काढलं आणि बाकाखाली टाकलं. आईने ते धुतलं, खिडकीशी नेलं, माझ्या हाताशेजारी धरलं आणि म्हणाली, "हा रंग माझ्या पोरीचा नाही." आई रंगाच्या कारखान्यात छटा जुळवण्याचं काम करायची. यंत्रं नंतर आली, तेव्हा डोळ्यांनी करायची. गिऱ्हाइकाने तुटकी बशी पाठवली तरी तिच्यासारखा रंग दुपारपर्यंत तयार. लोक तिला 'डोळे' म्हणायचे. "डोळे आले का? डोळ्यांना दाखवलं का?" असं.

तिने जाड कागद खिडकीच्या चौकटीला चिकटवला. उभा. आणि अकरा रविवार मला त्याच्यापुढे बसवलं. ती डावखुरी, म्हणून वर उजवीकडून सुरुवात करायची आणि डावीकडे जायची, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही. ओळ संपली की खाली पुन्हा उजवीकडून. शेवटचा चौकोन त्यामुळे खाली डावीकडे आला. तू कागद ज्या बाजूला वळवलास त्यात तो कोपरा उजवीकडे खाली येतो. चित्रकार जिथे सही करतात तिथे.

ठिपके श्वास नाहीत. चौकोनाच्या वर एक ठिपका म्हणजे लाल कमी पडला. खाली एक म्हणजे पिवळा कमी पडला. बाजूला दोन म्हणजे गडद झाला. भोवती गोल म्हणजे जुळला. सत्तावीस चौकोनांना ठिपके आहेत, गोल फक्त अठ्ठाविसाव्याला आहे. तो जुळला तेव्हा आईने माझं उरलेलं बोट त्या रंगात बुडवलं आणि चौकोनाशेजारी दाबलं. म्हणाली, "आता तूच सही कर." मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी तेवढंच केलं.

तुझी सही माझ्या सहीवर आहे.

प्रदर्शनातले तुझे बाकीचे मोठे कॅनव्हासही पाहिले. तिथेही चौकोन आहेत, ठिपके आहेत. ते मी वाचले. सवयच आहे. 'लाल कमी. लाल कमी. जुळला. गडद. जुळला. पिवळा कमी.' जुळल्यावर कुणी पुढे जात नाही, ताई. ज्याला अक्षरओळख नाही त्याने पाटीवर रेघोट्या ओढाव्यात तसं दिसतं. हे फक्त आईला आणि मला कळेल, म्हणून घाबरू नकोस. आईला सध्या दिसत नाही.

दाराबद्दल मी काहीही लिहिणार नाही असं ठरवलं आहे.

– धाकटी


१५ फेब्रुवारी

ताई,

काल भावोजी केंद्रात आले होते. तू पाठवलं होतंस की ते आपणहून आले, हे त्यांनी सांगितलं नाही. हातात फुलं होती. मी कामावर होते, म्हणून त्यांना आत टेबलाशीच बसवलं. समोरच्या ताटलीत चार कान होते. त्यांची नजर तिकडेच जात होती.

"हे सगळे... कान?"

"हो. चौथ्याला हात लावू नका, ओला आहे."

त्यांनी खुर्ची मागे घेतली. मग म्हणाले, "अगं, सापडलेल्या वस्तूतूनही कला होते. जगभर होते. कागद कपाटात पडून होता, हिने त्याला नजर दिली."

"नजर आईची होती, भावोजी. आई तिचाच पगार घ्यायची."

"बरं बाई, मान्य. पण आता घरचं भांडण चव्हाट्यावर आणून कुणाचं भलं होणार आहे?"

"चव्हाट्यावर कोण आणतंय? मी पत्रं लिहिते आहे. पाकिटं चिकटवून."

"तुझं बोलणं म्हणजे ना..." ते हसले. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले. मग खाली मान घालून म्हणाले, "ती फार लहान होती गं तेव्हा. चौदा वर्षांची पोर. रागात होतं माणसाकडून."

मी हातातला ब्रश ठेवला. विचारलं, "काय होतं रागात?"

त्यांच्या लक्षात आलं. फुलं टेबलावर ठेवून ते उठले. जाताना म्हणाले, "हे मी काही बोललो नाही हं."

म्हणजे तू त्यांना सांगितलं आहेस. बावीस वर्षं मला वाटत होतं की ही गोष्ट फक्त दोघींना माहीत आहे. मी ती कुणाला सांगितली नाही. आईला नाही, डॉक्टरांना नाही, आणि ज्याच्याशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं त्यालाही नाही. तू मात्र ती नवऱ्याला सांगून मोकळी झालीस. तेव्हा आता माझंही ठरलेलं मोडते.

तुझं चित्र स्पर्धेला जायचं होतं. तू ते वाळायला जमिनीवर ठेवलं होतंस. मी तुझ्या लाल रंगात हात बुडवला आणि चित्राच्या मधोमध उमटवला. पाच बोटं. तेव्हा पाच होती. तू ओरडलीस, मी पळाले, दाराच्या फटीत हात धरून मागे वळून पाहिलं. मला पाहायचं होतं तू रडतेस का. तू दार लावलंस. लोटलं नाहीस, दोन्ही हातांनी लावलंस, आणि मला पाहत असताना लावलंस.

दवाखान्याच्या गाडीत आई पुढे बसली होती. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "वाऱ्याने लागलं म्हण. मी तुला माझी रंगपेटी देईन. आख्खी." मी आईला म्हटलं, वाऱ्याने लागलं. पुढे तू मला साडेनऊ म्हणायला लागलीस, आणि घरातले सगळे हसले, म्हणून मीही हसले. नाव टिकलं. चुलत भावंडं अजून तेच म्हणतात.

रंगपेटी मला मिळाली नाही. हे मी विसरले असेन असं तुला वाटत असेल, तर सांगते, तिच्यात चोवीस रंग होते आणि झाकणाची एक कडी तुटकी होती.

तेव्हा माझी बाजू सरळ आहे. पहिल्यांदा तू माझं बोट घेतलंस तेव्हा मी गप्प बसले. त्या बोटासाठी आईने जे केलं ते तू दुसऱ्यांदा घेतलंस, आणि त्यावर सही केलीस. आता मी गप्प बसणार नाही, पण आरडाओरडाही करणार नाही. मला ते येत नाही. मला मोजता येतं आणि वाट पाहता येते.

फुलं मी प्रतीक्षाकक्षात डोंगराखाली ठेवली.

– साडेनऊ


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. हे शेवटचं पत्र.

आईबद्दल लिहिते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. तिला उजेड कळतो, माणूस कळतं, कोण ते कळत नाही. रंग म्हणशील तर सगळं चहासारखं दिसतं, असं ती म्हणते. ज्या बाईला 'डोळे' म्हणायचे, तिच्या बाबतीत हे लिहिताना मला विशेषण वापरायचं नाही. २४ तारखेला उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. २५ तारखेला सकाळी दहाला घरीच पट्टी निघेल. आमचेच डॉक्टर त्यांच्या ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांना घेऊन येणार आहेत.

घर बदललं तेव्हा सामान बांधायला तू आली होतीस. कागद त्यानंतर दिसला नाही. आई सहा वर्षं म्हणते आहे, "माझ्याच हाताने रद्दीत गेला गं. जुन्या वर्तमानपत्रांत मीच ठेवला असणार." तिने स्वतःला दोष दिला, आणि मी म्हणत राहिले, जाऊ दे आई, कागद तर होता. नवा डोळा मिळाल्यावर तिला पहिल्यांदा काय पाहायचं आहे, असं परवा विचारलं. म्हणाली, "तो कागद असता तर म्हटलं असतं, तो दाखव. अठ्ठाविसावा खरंच जुळला होता का, की तेव्हा मला घाई झाली होती, ते बघायचं होतं."

आता मी काय केलं ते लिहिते.

तुझी प्रत ३० जानेवारीपासून आमच्या घरात आहे. आईच्या खुर्चीच्या बरोबर समोर. मी ती फ्रेमवाल्याकडे नेऊन मागच्या कड्या छोट्या बाजूला बसवून घेतल्या. तो म्हणाला, "मॅडम, चित्र आडवं आहे."

"उभं लावायचंय."

"मग सही आडवी पडेल की."

"पडू दे."

"लोक हसतील हो. म्हणतील, फ्रेमवाल्याला अक्कल नाही."

"त्यांना माझ्याकडे पाठवा."

चित्र टांगत होते तेव्हा आईने विचारलं, "काय लावतेस?" मी म्हटलं, चित्र. "कसलं?" रंगांचे चौकोन. "कुणी काढलंय?" माहीत नाही, म्हटलं. ती उठली, हाताने काच चाचपली आणि म्हणाली, "सरळ लागलंय ना?" मी म्हटलं, हो, सरळ लागलंय.

तेव्हापासून ती रोज त्याच्यासमोर चहा पिते. २५ तारखेला दहा वाजता ती डोळा उघडेल तेव्हा समोर तिचा कागद असेल, छापलेला, चाळिसातला नववा, आणि तिच्या अठ्ठाविसाव्या चौकोनाशेजारी, माझ्या बोटावर, तुझं नाव. मला काही बोलावं लागणार नाही. तिला वाचता येतं.

हे मी शांतपणे ठरवलं आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. तुझ्याकडून मला एवढंच हवं होतं की तिने पाहावं. मग काल एक गोष्ट झाली. ती लिहिली नाही तर हिशेब अर्धा राहील.

मी तिच्या डोळ्यात औषध घालत होते. ती म्हणाली, "तायडीला कळवलंस का?"

इथे मला कबूल करावं लागेल. तिने हे जानेवारीतच सांगितलं होतं. "पट्टी काढताना दोघी समोर असा," असं. मी तिला सांगितलं की तू परगावी आहेस. तुला मी कळवलंच नाही. चित्र विकत घेतल्यावर ठरवलं की कळवणार नाही.

मी म्हटलं, "ती कामात आहे."

"तुझ्या मनातून अजून गेलं नाही ना ते?"

"काय?"

"दाराचं."

मी म्हटलं, "वाऱ्याने लागलं होतं, आई." इतक्या वर्षांनी तोंडातून तेच आलं.

ती म्हणाली, "त्या दिवशी वारा नव्हता गं. खिडकीत मी कारखान्यातला नमुना वाळत लावला होता. पातळ कागद होता. दिवसभर हलला नाही. वारा असता तर धूळ बसून वाया गेला असता, आणि तो तर पहिल्याच खेपेला पास झाला."

औषध तिच्या गालावर ओघळलं. मी पुसलं.

"मग बोलली का नाहीस?"

"एक बोट गेलं होतं. मुलगी कशाला घालवू? वाटलं, मोठी होईल, आपणहून सांगेल. वाट बघत राहिले." मग म्हणाली, "तूही सांगशील असं वाटायचं. तुम्ही दोघी सारख्याच. तोंडं शिवलेली."

ताई, तिला माहीत आहे. बावीस वर्षं माहीत आहे. दाराचं मी जे धरून बसले होते ते आता तुझ्याविरुद्ध वापरता येणार नाही, कारण सांगण्यासारखं कुणी उरलं नाही. राहिला तो कागद. तो मात्र तिला माहीत नाही.

आईने तुला माफ केलं असणार. मी आई नाही. म्हणून जे लिहिते ते मायेने लिहिते आहे असं समजू नकोस.

हॉटेलवाल्यांना काय सांगायचं ते तू बघ. मूळ कागद २५ तारखेला सकाळी दहाच्या आधी घरी आण. कुणाच्या हाती पाठवू नकोस, भावोजींच्याही नाही. स्वतःच्या हाताने आईसमोर धर. उभा. आणि तो कुठे होता ते तिला स्वतःच्या तोंडाने सांग. सही खोडू नकोस. खोडायला गेलीस तर खालची छटा निघून येईल, आणि तिला ती छटा तपासायची आहे. सहीसकट दिसू दे.

तू येणार असशील तर मी २४ च्या संध्याकाळी भिंतीवरची प्रत उतरवीन आणि केंद्रात नेऊन लावीन. तिथे लोक तिच्याशेजारी आपला हात धरून रंग बघतील, निदान कामाला येईल. येणार नसशील तर प्रत आहे तिथेच राहील.

हो की नाही, एवढंच हवं आहे. २२ फेब्रुवारीला संध्याकाळी सहाच्या आत, कागदावर लिहून, मला उत्तर दे.

– साडेनऊ